मुक्त बाजाराची अभ्यासमंडळे

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा कामगार चळवळीतला माणूस कामगारांच्याच इतिहासावर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही मात्र आमच्या प्रतिपक्षाचा इतिहास सांगावयाचे ठरविले आहे. त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

गेली तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करीत आहोत. या काळात वाटाघाटीच्या मेजापलीकडची माणसे अनेकदा बदलली. परंतु त्यांची भाषा एकसारखी होत गेली. पूर्वीचा मालक 'मला परवडत नाही' एवढेच म्हणे. त्याला हिशेबाच्या वहीने उत्तर देता येत असे. पुढे 'स्पर्धा', 'लवचिकता', 'निवडीचे स्वातंत्र्य' हे शब्द आले, आणि कायमची नोकरी मागणारा कामगार हाच जणू स्वातंत्र्याचा वैरी, असे आम्हाला ऐकवले जाऊ लागले. ज्या शब्दासाठी आमच्या वाडवडिलांनी तुरुंग भोगले, तोच शब्द आमच्या विरुद्ध कसा उभा राहिला? या प्रश्नाने आम्हाला ग्रंथालयात नेले. विद्यापीठाचे तोंड आम्ही पाहिलेले नाही. जे वाचले ते कामाची पाळी संपल्यावर वाचले. त्या वाचनात जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

ही कथा युरोपातली आहे, आणि तिचा आरंभ पराभवातून होतो. १९२९ च्या जागतिक मंदीनंतर 'बाजार आपोआप सारे नीट करील' या जुन्या मतावर कोणाचाही विश्वास उरला नव्हता. एकीकडे रशियात पंचवार्षिक योजना चालू होत्या, दुसरीकडे इटली आणि जर्मनी हुकूमशहांच्या हाती गेले होते, आणि इंग्लंडसारख्या लोकशाही देशातही सरकारने अर्थव्यवहार हाती घ्यावा असे विद्वान सांगत होते. अशा वेळी, ऑगस्ट १९३८ मध्ये, लुई रूज्ये या फ्रेंच तत्त्वज्ञाने पॅरिस येथे एक छोटी परिषद भरविली. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराच्या ग्रंथावर चर्चा करणे हे तिचे निमित्त होते. उदारमतवादाला नवे रूप कसे द्यावे, हा तिचा खरा विषय. वर्षभरातच महायुद्ध सुरू झाले आणि जमलेली मंडळी पांगली.

या मंडळींपैकी एक म्हणजे फ्रीडरिश हायेक. १८९९ साली व्हिएन्ना येथे जन्मलेला हा अर्थशास्त्रज्ञ १९३१ पासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवीत होता. १९४४ साली त्यांनी 'दि रोड टु सर्फडम', म्हणजे दास्याकडे नेणारा रस्ता, हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते 'सर्व पक्षांतील समाजवाद्यांना' अर्पण केले. सरकारने उत्पादनाचे संपूर्ण नियोजन हाती घेतले, की कोणी काय करावे आणि काय खावे हेही सरकारच ठरवू लागते, आणि मग हेतू कितीही चांगला असला तरी स्वातंत्र्य उरत नाही, हा त्यांचा मुद्दा. आमच्या बाजूचे लोक हे पुस्तक न वाचताच त्याला शिव्या देतात. आम्ही ते वाचले आहे. कामाच्या तासांवर मर्यादा घालणे, कारखान्यात आरोग्याच्या सोयी सक्तीच्या करणे, मोठ्या प्रमाणावर समाजसेवा चालविणे, या गोष्टी स्पर्धेच्या तत्त्वाशी विसंगत नाहीत असे त्यात लिहिलेले आहे. हायेक यांचे नाव घेऊन कामगार कायद्यांवर कुऱ्हाड चालविणाऱ्यांनी ते पान बहुधा उलटलेले नसावे.

या मंडळींची सरकारविषयीची भीती खोटी नव्हती, हेही आम्हाला मान्य केले पाहिजे. विल्हेल्म रोप्के या जर्मन प्राध्यापकाला १९३३ साली हिटलरमुळे देश सोडून इस्तंबूलला आणि तेथून जिनिव्हाला जावे लागले. फ्रायबुर्ग येथील वॉल्टर ऑयकेन जर्मनीतच राहिले आणि नाझींच्या चौकशीला तोंड देत राहिले. सर्व सत्ता एका हाती गेली म्हणजे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

एप्रिल १९४७ मध्ये हायेक यांनी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या माँ पेलरॅ या टेकडीवरील एका हॉटेलात दहा दिवसांची बैठक बोलाविली. चाळिसाच्या आसपास माणसे आली. त्यांत लुडविग फॉन मिझेस, मिल्टन फ्रीडमन, कार्ल पॉपर, ऑयकेन, रोप्के अशी मंडळी होती. खर्च काही स्विस व्यावसायिकांनी उचलला. अमेरिकेतून येणाऱ्यांच्या प्रवासाची तजवीज तेथील एका धनिकाच्या न्यासाने केली. चर्चेच्या विषयांत जर्मनीचे भवितव्य होते, दारिद्र्य आणि करपद्धती होती, आणि मजुरीचे धोरण व कामगार संघटना हाही एक विषय होता. म्हणजे आम्ही तेथे हजर नसलो तरी आमची चर्चा तेथे झाली. या बैठकीत एकमत मुळीच नव्हते. संपत्तीच्या वाटपाची चर्चा चालू असता म्हातारे मिझेस 'तुम्ही सारे समाजवादीच आहात' असे म्हणत रागाने उठून गेले, ही हकीगत फ्रीडमन पुढे नेहमी सांगत. या बैठकीतून माँ पेलरॅ सोसायटी निघाली. तिने पक्ष काढला नाही, निवडणूक लढविली नाही, मोर्चा नेला नाही. ठराविक काळाने जमावे, निबंध वाचावेत, एकमेकांच्या चुका दाखवाव्यात, एवढेच तिचे काम.

तिचे पहिले फळ जर्मनीत दिसले. २० जून १९४८ रोजी पश्चिम जर्मनीत नवे चलन आले आणि त्याच सुमारास ऑयकेन-रोप्के यांच्या विचाराचे लुडविग एरहार्ट यांनी बहुतेक वस्तूंवरील भावनियंत्रण उठविले. दुकाने मालाने भरली हे खरे. परंतु भावही भडकले. १२ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटिश आणि अमेरिकन ताब्यातील प्रदेशांत कामगार संघटनांनी एक दिवसाचा सार्वत्रिक संप केला आणि सुमारे ९० लाख कामगारांनी काम बंद ठेवले. एरहार्ट यांनी धोरण सोडले नाही. पण कामगारांनीही आपला आग्रह सोडला नाही. १९५१ साली कायदा होऊन कोळसा आणि पोलाद उद्योगांतील मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळांवर कामगारांना मालकांच्या बरोबरीने जागा मिळाल्या. जर्मनीच्या त्या भरभराटीचे श्रेय केवळ मुक्त बाजाराला देणारे हा दुसरा अर्धा भाग सांगत नाहीत.

खरी शिकण्याजोगी गोष्ट मात्र इंग्लंडमधील आहे. अँटनी फिशर हा महायुद्धातील वैमानिक. त्याचा भाऊ १९४० च्या विमानयुद्धात मारला गेला होता. लढाई संपल्यावर त्याने हायेक यांच्या पुस्तकाचा 'रीडर्स डायजेस्ट' मासिकात आलेला संक्षेप वाचला आणि तो थेट लंडनला जाऊन हायेक यांना भेटला. 'मी राजकारणात शिरू का?' असे त्याने विचारले. हायेक यांनी त्याला परावृत्त केले. राजकारणी माणूस जनमताच्या मागून जातो. जनमत घडविणारे शिक्षक, लेखक आणि पत्रकार हेच असतात. तेव्हा त्यांच्यापर्यंत विचार नेणारी एक अभ्याससंस्था काढा, असा सल्ला त्यांनी दिला.

हा सल्ला हायेक यांनी शिकला कोणापासून? आमच्यापासूनच. १८८४ च्या जानेवारीत लंडनमध्ये काही तरुणांनी फेबियन सोसायटी काढली. सिडनी आणि बीॲट्रिस वेब, बर्नार्ड शॉ यांसारख्या माणसांनी तिच्यातर्फे पुस्तिका लिहिल्या, व्याख्याने दिली, आकडेवारी जमविली. मजूर पक्ष सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधी त्याचे विचार सुशिक्षितांच्या तोंडी झाले होते. हायेक ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवीत होते, ती संस्थाही १८९५ साली या फेबियनांनीच उभी केलेली. १९४९ साली लिहिलेल्या एका निबंधात हायेक यांनी स्पष्टच म्हटले, की समाजवाद्यांपासून उदारमतवाद्यांनी काही शिकावयाचे असेल तर ते हे धैर्य आणि ही दूरदृष्टी. शत्रूचे शस्त्र ओळखून ते उचलणारा सेनापती आपण इतिहासात पाहतोच; त्याला दोष देता येत नाही.

फिशर मग शेतीकडे वळला. अमेरिकेत पाहिलेली, बंदिस्त जागेत मोठ्या प्रमाणावर कोंबड्या वाढविण्याची पद्धत त्याने इंग्लंडमध्ये आणली आणि 'बक्स्टेड चिकन' या नावाने अमाप पैसा मिळविला. त्या पैशाच्या जोरावर १९५५ साली इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स ही संस्था निघाली. कोंडलेल्या कोंबड्यांच्या पैशातून माणसांच्या मुक्ततेचा प्रचार सुरू झाला, असे म्हणून हसण्याचा मोह आम्हालाही होतो; पण हसण्याने काही सिद्ध होत नाही.

ती संस्था ज्या दोघांनी चालविली त्यांची माहिती आमच्या श्रोत्यांपैकी अनेकांना नवी वाटेल. राल्फ हॅरिस हे उत्तर लंडनमधील टॉटनहॅमच्या नगरपालिकेच्या वसाहतीत वाढले. वडील ट्रॅमवे खात्यात निरीक्षक. आर्थर सेल्डन हे लंडनच्या पूर्वेकडील गरीब वस्तीत, रशियाहून आलेल्या ज्यू कुटुंबात जन्मले; १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आईबाप गेले आणि एका चांभाराने त्यांना वाढविले. कामगारवस्तीतली दोन हुषार मुले आमच्या हातून निसटली आणि पलीकडे गेली. ती का गेली, हा प्रश्न त्यांना नव्हे, आम्हाला विचारला पाहिजे. 'तुझ्यासाठी सारे सरकार करील' हे वाक्य स्वाभिमानी माणसाला नेहमीच गोड वाटते असे नाही, हे आम्ही पुष्कळदा विसरलो.

या दोघांची कामाची रीत साधी होती. एक विषय घ्यावा, त्यातील जाणकाराकडून सोप्या भाषेत छोटी पुस्तिका लिहून घ्यावी, आणि ती अध्यापक, विद्यार्थी आणि पत्रकार यांच्या हाती पडेल असे पाहावे. 'हे आज राजकारणात शक्य आहे काय?' याचा विचार लेखकाने करू नये, हा सेल्डन यांचा नियम. १९६० साली त्यांच्या 'होबार्ट' पुस्तिकामालेतील पहिली पुस्तिका निघाली. बेसिल येमी या अर्थशास्त्रज्ञाने लिहिलेल्या या पुस्तिकेचा विषय होता, कारखानदाराने ठरविलेल्या किमतीपेक्षा दुकानदाराने स्वस्त विकू नये हा निर्बंध. तो उठवावा असे त्याने सप्रमाण मांडले, आणि १९६४ साली तसा कायदा झाला. एका पुस्तिकेनेच कायदा घडविला असे कोणी म्हणणार नाही. तथापि मंत्री निर्णयाला आला तेव्हा युक्तिवाद छापून तयार होता. आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर या कायद्याने कामगाराच्या बायकोचा बाजारहाट काहीसा स्वस्तच झाला.

तरीही पंधरा-वीस वर्षे या संस्थेला शहाणी माणसे वेडगळच समजत होती. मग १९७० च्या दशकात काळ फिरला. महागाई आणि बेकारी एकदमच वाढली, १९७६ मध्ये ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला, आणि १९७८-७९ च्या हिवाळ्यात संपांमागून संप झाले. कचरा रस्त्यांवर साठला. लिव्हरपूलमध्ये प्रेते पुरण्याचे कामही काही दिवस बंद पडले. त्या कामगारांची पगारवाढीची मागणी न्याय्य होती असे आम्ही आजही म्हणू. परंतु ज्या दिवशी शेजाऱ्याचे प्रेत अडते, त्या दिवशी संपाच्या बाजूने बोलणारा शेजारी उरत नाही. आमच्याजवळ संप होता आणि त्यांच्याजवळ स्पष्टीकरण होते. लोकांनी स्पष्टीकरणाचा हात धरला.

१९७४ साली हायेक यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्याच वर्षी कीथ जोसेफ आणि मार्गारेट थॅचर यांनी 'सेंटर फॉर पॉलिसी स्टडीज' ही अभ्याससंस्था काढली; १९७७ मध्ये 'ॲडम स्मिथ इन्स्टिट्यूट' निघाली. मे १९७९ मध्ये थॅचरबाई पंतप्रधान झाल्या आणि त्याच वर्षी राल्फ हॅरिस यांना लॉर्ड करण्यात आले. पुढची हकीगत आपणांस ठाऊक आहे. १९८०, १९८२ आणि १९८४ च्या कायद्यांनी संघटनांचे हात बांधले गेले. १९८२ मध्ये बेकारांची संख्या ३० लाखांवर गेली. १९८४-८५ मध्ये खाणकामगारांचा वर्षभराचा संप फसला. १९७९ साली ब्रिटनमधील संघटित कामगार सुमारे १ कोटी ३० लाख होते. आज ते त्याच्या निम्म्यावर आले आहेत. हायेक यांच्या १९६० च्या मोठ्या ग्रंथात कामगार संघटनांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. संघटनांना मिळालेली कायदेशीर सूट हाच स्वातंत्र्याला धोका, हे त्यातील मत वीस वर्षांत कायद्याच्या पुस्तकात उतरले. फिशर यांनी १९८१ साली अमेरिकेत 'ॲटलास' नावाची संस्था काढून अशा अभ्याससंस्था देशोदेशी उभ्या करण्याचे काम हाती घेतले. पूर्व युरोपातील सत्ता कोसळल्यावर तेथेही त्या निघाल्या. १९९० साली लिथुआनियात निघालेली 'फ्री मार्केट इन्स्टिट्यूट' त्यांपैकीच एक.

आता आम्ही पोलंडकडे वळतो. बाजारवादी मंडळी आणि आम्ही, दोघांच्याही सिद्धांतांची परीक्षा तेथे झाली. पोलंडमध्ये राज्य कामगारांच्या नावाने चालले होते आणि कामगारांना स्वतःची संघटना काढण्याची मुभा नव्हती. १९७६ मध्ये संप करणाऱ्यांवर जुलूम झाला तेव्हा काही बुद्धिजीवींनी कामगार संरक्षण समिती स्थापिली. पुढच्याच वर्षी 'फिरते विद्यापीठ' सुरू झाले. त्याचे वर्ग लोकांच्या राहत्या घरांत भरत, आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या. पोलंडवर रशियाच्या झारचे राज्य असताना वॉर्सात याच नावाचे गुप्त विद्यापीठ होते आणि मादाम क्यूरी तरुणपणी त्यात शिकल्या होत्या. आता पोलिश लोक आपल्याच सरकारपासून लपून आपलाच इतिहास शिकू लागले. पोलिसांनी धाडी घातल्या, गुंडांनी मारहाण केली. व्याख्याने चालूच राहिली. आपण येथे मंडपात निर्भयपणे बसून व्याख्यान ऐकतो, ही केवढी कमाई आहे हे त्या माणसांना विचारावे.

ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत ॲना वॉलेंतिनोविच या क्रेन चालविणाऱ्या स्त्रीला कामावरून काढले, म्हणून संप सुरू झाला. कामगारांनी एकवीस मागण्या लिहून काढल्या. त्यांतील पहिली पगाराची नव्हती, स्वतंत्र कामगार संघटनेच्या हक्काची होती. ३१ ऑगस्टला करार झाला आणि 'सॉलिडॅरिटी' जन्माला आली. तिचा पुढारी लेक वलेन्सा हा वीजतंत्री. वर्षभरात तिची सभासदसंख्या १ कोटीच्या घरात गेली. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा पुकारून तिला चिरडण्यात आले. तरी ती भूमिगत राहून टिकली. जून १९८९ च्या निवडणुकीत तिने सत्ताधाऱ्यांना धूळ चारली. भूमिगत छापखान्यांतून त्या काळात हायेक यांच्या लेखनाची पोलिश भाषांतरेही निघाली होती, हे खरे. परंतु ते छापखाने चालवावयास जे बळ लागले, ते संघटित कामगारांचे होते. युरोपात त्या शतकात स्वातंत्र्याचा जो सर्वांत मोठा विजय झाला, तो एका कामगार संघटनेने मिळविला. हे बाजारवादी अभ्यासकांनी विसरू नये, आणि ती संघटना समाजवादाच्या नावाने चाललेल्या सत्तेविरुद्ध लढली, हे आम्ही विसरू नये.

त्यानंतर १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्सेरोविच यांनी भाव मोकळे केले आणि कारखान्यांची अनुदाने तोडली. महागाई ओसरली, दुकानांपुढच्या रांगा संपल्या, आणि काही वर्षांनी देशाची वाढही झपाट्याने झाली. पण जेथे बेकारी जवळजवळ माहीतच नव्हती तेथे १९९३ अखेर ती शेकडा १६ च्या वर गेली. आणि १९९६ मध्ये ग्दान्स्कची ती गोदीच दिवाळखोर ठरली. ज्यांनी दार उघडले त्यांच्याच अंगावर ते आपटले.

बाजारवाद्यांचीही परीक्षा पुढे झालीच. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने, लंडनच्या या अभ्याससंस्थांना मानवणाऱ्या धर्तीवर, पैशाची तरतूद न सांगता सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. त्यांना अडविले ते कामगारांनी नव्हे, बाजारानेच. सरकारी कर्जरोख्यांचे भाव कोसळले, बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावे लागले, आणि ४९ दिवसांत ट्रसबाईंची कारकीर्द संपली. पन्नास-साठ वर्षे इतरांच्या चुका दाखविणारी मंडळी स्वतःच्या चुका दाखविणारे ऐकेनाशी झाली, की असे होते.

आमच्याकडेही या विचाराचे जुने धागे आहेत. मुंबईचे पिठाच्या गिरणीचे मालक रणछोडदास लोटवाला यांनी १९२० च्या सुमारास तरुण डांगे यांना मार्क्सवादाच्या अभ्यासासाठी पुस्तके आणि आसरा दिला. आणि त्याच लोटवालांच्या आश्रयाने १९५० च्या दशकात मुंबईतून मुक्त बाजाराचा पुरस्कार करणारे 'इंडियन लिबर्टेरियन' हे पत्र निघत असे. १९५६ साली ए. डी. श्रॉफ यांनी मुंबईत 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' काढून पुस्तिका आणि व्याख्याने यांचाच मार्ग धरला. लोटवालांचे मत बदलले. पण आधी अभ्यास, मग चळवळ, हा क्रम त्यांनी दोन्ही वेळा पाळला.

आम्हाला यातून जे दिसले ते असे. या संस्थांच्या मागे धनिकांचा पैसा होता, हे खरेच आहे, आणि जी संस्था लोकांना मोकळेपणा शिकविते तिने आपले देणगीदारही मोकळेपणाने सांगावेत, ही मागणी रास्त आहे. पण सारे पैशानेच झाले, हे आमचे समाधान खोटे आहे. मालकवर्गाजवळ पैसा १९३० मध्येही होता. नव्हता तो युक्तिवाद. तो त्यांच्या अभ्यासकांनी तीस वर्षे उपेक्षा सोसून तयार केला. त्याच तीस वर्षांत आम्ही अभ्यास सोडला. आणि युक्तिवादातला दोष दाखवावयाचा तर तोही अभ्यासानेच दाखविता येईल. चार भांडवलदारांनी एकत्र येऊन कंपनी काढणे हे स्वातंत्र्य, आणि चारशे कामगारांनी एकत्र येऊन संघटना काढणे हा स्वातंत्र्यावर घाला, हे गणित ग्दान्स्कच्या गोदीने कायमचे चुकीचे ठरविले आहे. ते मेजावर ठामपणे मांडण्यासाठी ग्दान्स्क माहीत तर हवे!

फेबियन सोसायटी निघाली त्याच १८८४ सालच्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. त्यात आठवड्याची एक सुट्टी मागितली होती. लोखंडे 'दीनबंधु' पत्र चालवीत. लिहिणे आणि संघटना ही त्यांना वेगळी कामे वाटत नव्हती. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, रविवारची सुट्टी मिळाली. माणसाला स्वतःचा म्हणता येईल असा एक दिवस असणे, हेच कामगाराचे पहिले स्वातंत्र्य.

आमच्या संघटनेच्या कचेरीत पुस्तकांचे एक कपाट आहे. जुन्या सभासदांनी वर्गणी काढून ते भरले होते. या व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही ते उघडावयास गेलो, तेव्हा किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येईना. शेवटी कुलूप तोडावे लागले. आत वाळवी लागली होती. निम्मी पुस्तके गेली, निम्मी वाचली. ती वाचलेली पुस्तके घेऊन आम्ही काही जण आता दर रविवारी सायंकाळी बसतो. हायेकही वाचतो आणि वेबही वाचतो. गेल्या रविवारी सात जण होते. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी यावे, मग ते कोणत्याही मताचे असोत. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.